आठवे काडतूस

ताउनो हिएतापुरोने एकतीस वर्षे इतरांचे तराजू तपासले. आमच्या किनारपट्टीतल्या खाटकांच्या, मासळीवाल्यांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या दुकानांतून त्याची पितळी वजनांची पेटी फिरली. तराजू खोटा ठरला की आवाज न चढवता तो त्यावर लाल चिठ्ठी चिकटवी आणि निघून जाई. त्याला घरी जेवायला बोलावणारे दुकानदार थोडे होते. मार्केत्ताने त्याच्याशी लग्न केले, याचेच गावाला नवल वाटे.

धावत जाऊन, आडोशांमागून, वेळेशी स्पर्धा करत रायफल चालवायचा आमचा हा खेळ त्याने चाळिशीत धरला. नेमबाज म्हणून तो मध्यम होता. काडतुसे भरण्यात मात्र त्याच्या जवळपास कोणी नव्हते. हिवाळाभर तो तळघरात बसून एकेक गोळी तोलायचा. चोपन्न पूर्णांक नऊ ग्रेनची निघाली तर ठेवायची, नाहीतर दूर सारायची. आम्ही बाजारातली काडतुसे वापरत असू आणि त्याला हसत असू.

यंदा जागतिक स्पर्धा आमच्याच देशात, उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलात भरली आणि साठीपुढच्यांच्या राष्ट्रीय संघात आम्ही चौघे निवडले गेलो. चौघांतल्या तिघांचे गुण धरतात. दुसऱ्या दिवशी आइमोच्या हातून भरलेली रायफल जमिनीवर पडली आणि नियमाप्रमाणे त्याला त्याच क्षणी बाद केले गेले. उरलो तिघे: ताउनो, योर्मा आणि मी. आम्ही तिसऱ्या स्थानावर होतो. आता एकाचेही गुण गेले असते, तर संघच उरला नसता.

येताना गाडीत ताउनोने मला सांगितले होते, "हात थरथरतो. डॉक्टर म्हणाला, ऑगस्टनंतर बंदुकीच्या परवान्यावर सही करणार नाही. योर्माला बोलू नकोस."

"मग काय करणार आहेस?"

"काडतुसांत दारू थोडी कमी भरलीय. धक्का कमी बसतो, नळी लवकर जागेवर येते."

"किती कमी?"

"पुरेल एवढी."

गोळीचे वजन आणि तिचा वेग यांवरून काडतुसाचा जोर काढतात. तो दीडशेच्या खाली गेला की नेमबाजाचे सगळे गुण शून्य होतात. शहाणी माणसे पाच-सहा अंक हाताशी राखून ठेवतात. ताउनोने दोन राखले होते. आपल्या मापावर त्याचा विश्वास होता आणि ते माप त्याने ऊब असलेल्या बंदिस्त मैदानात घेतले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जूनमध्येही गवतावर हिमकण होते. थंडीत दारू मंद जळते, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही.

पंचांनी त्याच्या पट्ट्यातून आठ काडतुसे काढून पिशवीत बंद केली आणि जोर मोजण्याच्या तंबूत पाठवली. तिथे राइली होती. वीस वर्षे ती हेच काम करत आलेली, आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. तिने पहिले काडतूस उघडून गोळी तोलली: चोपन्न पूर्णांक नऊ. मग त्याच्याच रायफलीतून तीन झाडली. एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ. आणखी तीन झाडली आणि सहांतल्या उत्तम तिघांची सरासरी काढली. एकशे एकोणपन्नास पूर्णांक सहा.

"एकच राहिलं, ताउनो," ती म्हणाली. "झाडू, की उघडून तोलू? निवड तुझी."

योर्माने मला कोपराने ढोसले आणि एकदम थर्मास पुढे केला. "राइलीबाई, आधी कॉफी घ्या. सकाळपासून उभ्या आहात. माणसाला श्वास तरी घेऊ द्या."

"तुला माझी काळजी कधीपासून वाटायला लागली?"

"जन्मापासून. सांगायचा धीर नव्हता."

ती हसली आणि मग तिची नजर मेजावर गेली. ऊन झाडांतून उतरत पिशवीपासून वीतभर अंतरावर आले होते. तापलेले काडतूस जोरात जाते.

"वा रे प्रियकर!" ती म्हणाली. तिने पिशवी उचलली, तराजू उचलला आणि दोन्ही तंबूच्या आतल्या फळीवर नेऊन ठेवले. "कॉफी तूच पी. ताउनो, बोल."

ताउनोने मला जवळ ओढले. झाडायचे तर आधीच्या सहांतल्या कुठल्याहीपेक्षा हे वेगवान निघायला हवे होते. तोलायचे तर जड निघालेल्या गोळीचे वजन हिशेबात धरतात, पण त्यासाठी ती पंचावन्न पूर्णांक एक भरायला हवी होती आणि त्याच्या गोळ्या सगळ्या सारख्या. फक्त फेब्रुवारीतला एक आठवडा सोडून. मार्केत्ता इस्पितळात होती, तेव्हा रात्री झोप येईना म्हणून त्याने दोनशे काडतुसे न तोलता भरली होती. मार्चमध्ये ती गेली. ती काडतुसे त्याने राखीव म्हणून आणली होती आणि काल आइमोच्या गोंधळात पट्टा भरताना ती इतरांत मिसळली होती. हे सगळे तो मला कुजबुजत सांगत होता आणि त्याचा डावा हात उजव्याने घट्ट धरलेला होता.

"तोल," तो म्हणाला. आपल्या हातून निष्काळजीपणा घडला असावा, अशी आशा त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केली असेल.

राइलीने काडतूस उघडले, दारू झटकली, गोळी चिमट्याने तराजूवर ठेवली. आकडे हलले आणि थांबले. पंचावन्न पूर्णांक एक.

योर्माने अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या रांगेतले झेक लोक वळून पाहू लागले. त्याने मला मिठी मारली. राइलीही हसत हिशेबाला लागली. ताउनो मात्र तराजूकडे बघत होता. ती त्याची नजर मी तरुणपणी बापाच्या मासळीच्या दुकानात पाहिली होती, आमच्या तराजूवर लाल चिठ्ठी लागली त्या दिवशी.

"राइली," तो म्हणाला, "इथं आणल्यावर नमुन्याचं वजन ठेवून बघितलंस का?"

ती फळी तिरपी होती. आता ती आम्हा सगळ्यांनाच तिरपी दिसू लागली.

"ताउनो," योर्मा हळू आवाजात म्हणाला, "गप्प बस. हात जोडतो, गप्प बस."

राइलीने डबीतून नमुन्याचे वजन काढले. तराजूने ते दोन दशांश जास्त दाखवले. तिने तराजू पुन्हा बाहेर मेजावर आणला, समतल केला, नमुना जुळवला आणि गोळी ठेवली. चोपन्न पूर्णांक नऊ. न तोलता भरलेल्यांपैकी ती नव्हतीच, किंवा असली तरी त्याच्या हाताला तेवढा निष्काळजीपणाही जमला नव्हता. राइलीने कागदावर शून्य लिहिले आणि त्याच्यापुढे सहीसाठी सरकवले. तिचे डोळे भरले होते. सही इतकी वाकडी आली की तिने ती दुसऱ्यांदा मागितली.

बाहेर योर्माने त्याला गाठले. "चार वर्षं मी गुडघ्यात सुया टोचून घेऊन धावलोय. तुला तोंड बंद ठेवता आलं नसतं?"

"आलं असतं," ताउनो म्हणाला.

"मग?"

"माहीत नाही, योर्मा. मलाही तेच वाटतंय. ठेवायला हवं होतं."

योर्मा जमिनीवर थुंकला आणि निघून गेला. काहीतरी म्हणायची पाळी माझी होती. मी योर्माच्या मागे चालू लागलो. रात्री सौनाच्या वाफेच्या खोलीतही ताउनोसाठी जागा करायला मी सरकलो नाही.

शून्य मिळालेल्याला उरलेले टप्पे खेळता येतात; त्याचे गुण मात्र धरत नाहीत. बहुतेक जण घरी जातात. ताउनो राहिला. दोन दिवस तो आमच्या तुकडीबरोबर फिरला, आपली पाळी आली की धावला, गुडघे टेकून थरथरत्या हाताने नेम धरत राहिला. ऑगस्टपर्यंत त्याच्यापाशी एवढेच नेम उरले होते. दुसऱ्यांची पाळी संपली की तो खाकी चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवरची भोके बुजवायला जायचा, योर्माचीसुद्धा. एकदा त्याची पट्टी भोकावर नीट बसेना. तो ती काढी, पुन्हा लावी, पुन्हा काढी. पंच खोळंबला होता. योर्मा बाजूला उभा राहून ते बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने ताउनोच्या हातून गुंडाळी काढून घेतली आणि ते भोक बुजवले.