बोडका पांगारा

झाडाकडे बोट दाखवून कुणी काही विचारलं की आमचे माळीकाका आधी अंगठ्याचं नख फांदीच्या सालीवर ओढत. खाली हिरवं दिसलं की म्हणत, "जित्तं हाय." मगच पुढचं बोलणं.

तेव्हा सुकापुरात विमानतळाच्या नुसत्या गप्पा होत्या आणि आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी होते. तुमच्याकडेही असेल, तशी समोरच्या सोसायटीशी आमची चढाओढ. त्या जानेवारीत त्यांच्या गेटजवळचे आंबे हिरवेगार आणि आमचे दोन्ही पांगारे बोडके. मीटिंगमध्ये लोक मलाच टोचू लागले. "मॅडम, तुमचा माळी पाणी घालतो की नुसती बिडी ओढतो?"

मी काकांना जाब विचारला.

"म्याडम, आंब्याचं पान चामड्यासारकं. पाणी धरून ठेवतं. जुनं एकेक गळतं, तुमाला कळत पण नाय. पांगाऱ्याचं पान पातळ, पाणी उडून जातं. म्हणून थंडीत तो सगळीच टाकून देतो. मेला नाय तो. चला, नख लावून दावतो."

"मला वेळ नाही," मी म्हटलं. मला झाडांपेक्षा पुढच्या मीटिंगचं पडलं होतं. महिनाअखेर काकांना कामावरून काढलं आणि सोसायटीच्या वहीत लिहिलं, 'पाण्याची हयगय, झाडे वाळली.' खाली माझी सही. काकांनी पाण्याचा पाइप नीट गुंडाळून वॉचमनकडे दिला आणि गेले.

फेब्रुवारी संपता संपता दोन्ही पांगारे लालभडक फुलले. पान एक नाही, नुसती फुलं आणि मैनांचा कलकलाट. लोकांनी नव्या माळ्याचं कौतुक केलं. मी वहीतली ओळ खोडली नाही. खोडली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

वर्षभराने पळस्प्याजवळच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. दारात प्लास्टिकचे पाम, आणि ओलं फडकं घेऊन काका.

"काका, तुम्ही इथे?"

"झाडं मारली म्हणून काढलं, असं सगळीकडं पसरलं. मग माळीकाम कोण देतंय?" आवाजात तक्रार नव्हती. "पांगारे बरे हायत ना?"

"फुलले होते."

"फुलणारच."

चूक माझी होती, एवढे तीन शब्द ओठांवर आले. तेवढ्यात टेबल मिळाल्याची खूण नवऱ्याने केली आणि मी आत गेले. काचेतून दिसत होतं. एकेक पान तळहातावर घेऊन काका पुसत होते, वरून आणि खालूनही. जेवून बाहेर आले तेव्हा सगळी पानं चमकत होती आणि काका तिथे नव्हते.