मास्तरांचे रबरी शिक्के

बारामतीत फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे किस्से आपोआप साठतात. गिऱ्हाईक फोटो घेऊन जातं, किस्सा माझ्याकडंच राहतो! त्यातले निम्मे आमच्या ड्रॉइंगमास्तरांच्या कृपेनं. स्वातंत्र्य नवं होतं. मास्तरांनी 'श्रम', 'एकी', 'समता' असे रबरी शिक्के करून आणले आणि माझ्या फोटोंवर जांभळ्या शाईत उठवायला सुरुवात केली. "यात विचार आहे," म्हणायचे. मला नुसती शाई दिसायची.

*

वरकुट्याच्या एका शेतकऱ्यानं हौसेनं बैलाचा फोटो काढून घेतला. मास्तरांनी फोटोतल्या बैलाच्या पाठीवर 'श्रम' उठवलं. शेतकऱ्यानं शिक्क्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आता बैलालाबी लायसन लागतंय व्हय?"

*

एका नव्या जोडप्याच्या फोटोवर 'समता' पडली. आठवडाभरात सासू स्टुडिओत हजर! "त्यो शिक्का काढा आदी. सून नवऱ्याबरुबर जेवाया बसतीया!"

*

निमगाव केतकीचे दोन भाऊ पानमळ्यावरून भांडलेले. मास्तरांनी दोघांना शेजारी बसवलं, मला फोटो काढायला लावला आणि मधोमध 'एकी' उठवलं. मग फोटो कुणाच्या घरी लावायचा यावरून पुन्हा जुंपली! शेवटी थोरल्यानं कात्री मागितली. त्याच्याकडं 'ए' गेला, धाकट्याकडं 'की'.

मी डोक्याला हात लावला. मास्तर खूश! "आता चित्र पुरं झालं!"

काय पुरं झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

*

बावड्याकडच्या एका गावात पाटलांनी नव्या विहिरीवर सगळ्या गावाचा फोटो काढवला. गावकुसाबाहेरची माणसंही बोलावली, कारण पाहणीला सरकारी साहेब येणार होते. मास्तरांनी तो फोटो मोठा करून त्यातल्या विहिरीवर 'समता' उठवलं आणि चावडीत लावला.

दुसऱ्या दिवशी गावकुसाबाहेरची सरूबाई घागर घेऊन थेट विहिरीवर चढली. एरवी तिच्या वस्तीला खाली थांबून कुणी वाढेल तेवढंच पाणी मिळायचं.

पाटलांनी आम्हाला बोलावणं धाडलं. विहिरीवर गाव जमलेलं, फोटो पाटलांच्या हातात.

"मास्तर, सांगा हिला! ह्यो सरकारी शिक्का न्हाय!"

तासतासभर बोलणारे मास्तर पुटपुटले, "नाही. मीच केलाय."

"ऐकलंस?" पाटील गरजले.

सरूबाईनं फोटोकडं बघितलं.

"शिक्का खोटा आसंल, पाटील. पर ह्या हिरीवर तुमी आन आमी संगं हुबं हाय, त्ये बी मास्तरानंच हातानं काडलं व्हय?"

आणि तिनं पोहरा आत सोडला.