बेबीताईंचा बोर्ड आणि दोन पार्ट्या

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही. स्वयंपाकघरातल्या एका ड्रॉवरमध्ये केचपच्या पुड्या, रबर बँड आणि कुठल्याशा कुलपाच्या किल्ल्या आपोआप जमतात, तसेच हे जमतात. मग एक दिवस ड्रॉवर बंदच होत नाही! आमच्या डब्लिनच्या सीनिअर सेंटरमधल्या मंगळवारच्या ग्रुपच्या किश्श्यांचं माझ्याकडे तसंच झालंय. (डब्लिन ओहायोतलं. "आयर्लंडला कधी गेलीस गं?" असं पुण्याची नणंद अजून विचारते.) म्हणून आज थोडे बाहेर काढते. बोलणं सगळं इंग्रजीत झालेलं. मी ते घरच्या भाषेत आणलंय.

आधी बेबीताई. मूळच्या मनिलाच्या, रिटायर्ड नर्स. वय पंच्याहत्तरच्या पुढे आणि नाव बेबी. यजमानांचं नाव बॉय! आपल्याकडे ऐंशीचे बाळकाका असतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण सेंटरची मॅनेजर डेब्रा हटूनच बसली, "मला खरं नाव पाहिजे."

"प्रोकोपियो," बॉय म्हणाले. तिकडे जुन्या काळी ज्या संताच्या दिवशी मूल जन्मेल, त्याच संताचं नाव ठेवायचे.

डेब्राने स्पेलिंग विचारलं, पुन्हा विचारलं, आणि शेवटी मुकाट्याने "बॉय" लिहून घेतलं.

"बघा," बेबीताई म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनीही हेच केलं होतं."

* * *

कॉफी मशीनच्या शेजारी एक बोर्ड होता. कित्येक दिवस त्यावर फक्त हरवलेल्या छत्रीची नोटीस होती. बेबीताईंनी तो कुणाला न विचारता ताब्यात घेतला. दर मंगळवारी त्या आठवड्याच्या तारखा लावायच्या: फिलिपिन्सच्या इतिहासात काय घडलं, कुठल्या नटाचा, कुठल्या नटीचा वाढदिवस. आणि प्रत्येक तारखेवर तिकडच्या जुन्या मासिकाचं मुखपृष्ठ. फुगवलेले केस, पेन्सिलीने कोरलेल्या भुवया, रंग जरा ओठांच्या बाहेर गेलेला.

माझं काम टाचण्या देणं. पूजेत एकेक उपचार हातात द्यायला जशी कुणीतरी लागते, तशी मी.

ही मुखपृष्ठं एका सुटकेसमधून आली. त्याच सुटकेसमधून त्यांच्या आईने सुकी मासळीही पाठवली होती. मासळी तेव्हाच संपली, वास राहिला! माझा चातुर्मास चालू. मी पदराने नाक धरून टाचण्या देत होते.

"शुभा, काय झालं?"

"वास येतोय थोडासा."

"हा वास नाही," बेबीताई म्हणाल्या, "हा इतिहास आहे."

* * *

जूनमध्ये त्यांनी तिकडचा स्वातंत्र्यदिन लावला, बारा जून. आमच्या ग्रुपमध्ये हँक म्हणून एक आजोबा आहेत, नौदलातून रिटायर झालेले. ते कॉफी घेऊन बोर्डसमोर उभे राहिले.

"बेबी, चूक आहे. तुम्हाला आम्ही स्वातंत्र्य दिलं ते चार जुलैला. मला पक्कं आठवतंय."

"दिलंत ना," बेबीताई म्हणाल्या. "स्वतःच्या वाढदिवशी आम्हाला गिफ्ट दिलंत. आम्ही त्याच्या कितीतरी आधी बारा जूनला स्पेनला सांगून टाकलं होतं, की आम्ही मोकळे. म्हणून नंतर तुमची तारीख परत करून आमची घेतली."

हँकनी कप खाली केला. "परत केली?"

"रिसीट नव्हती, तरी केली!"

त्या दिवसापासून हँक बोर्ड आधी वाचतात आणि कॉफी नंतर ओततात.

* * *

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीस तारखेला मुखपृष्ठ, एक तारखेला मुखपृष्ठ, आणि एकतीस कोरी. डेब्राला वाटलं, विसरल्या.

"एकतीसला काहीच झालं नाही?"

"१८४४ साली आमच्याकडे एकतीस डिसेंबरच झाला नाही," बेबीताई म्हणाल्या.

स्पॅनिश लोक मेक्सिकोमार्गे आले, त्यामुळे मनिलाची तारीख अमेरिकेबरोबर चालायची आणि शेजारच्या देशांच्या एक दिवस मागे पडायची. ते जुळवून घ्यायला सरकारने एक दिवस गाळला. लोक तीस तारखेला झोपले, ते एक जानेवारीला उठले!

डेब्रा आणि हँक दोघांचीही तोंडं उघडीच. मी मात्र टाचण्या चाळवत होते.

"शुभा, तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"त्यात काय? आमच्या पंचांगात तिथीचा क्षय होतच असतो. आज पंचमी, उद्या एकदम सप्तमी."

बेबीताईंनी मला मिठीच मारली. हँक म्हणाले, "आणि मी नौदलात जगभर फिरलो. मला वाटायचं, तारखेचं तरी काही ठरलेलं असेल."

* * *

माझाही वाढदिवस लावायचं त्यांच्या मनात आलं. तारीख विचारली. माझी पंचाईत! घरी माझा वाढदिवस तिथीने, मार्गशीर्षात. पासपोर्टवर एक जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी निम्म्या वर्गाला एकच तारीख वाटली होती. आईला विचारावं तर ती म्हणायची, "गाय व्यायली त्याच आठवड्यात तू."

"म्हणजे तुला दोन वाढदिवस?"

"असं म्हणायचं तर, हो."

"लाजतेस काय? आमच्या सगळ्या नट्यांना दोन-दोन असतात. एक खरा आणि एक मासिकातला."

* * *

आता दोन पार्ट्यांचं सांगते. त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

बेबीताईंच्या तरुणपणी तिकडे दोन मोठ्या नट्या होत्या. एक गाणारी, एक नाचणारी. अख्ख्या देशाचे दोन तट पडलेले. बेबीताई गाणारीच्या पार्टीतल्या. त्यांची धाकटी बहीण नॉर्मा नाचणारीच्या. नट्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जिचं आधी लिहीन तिच्या विरुद्ध पार्टीचा मला फोन येईल.

दोघी बहिणी मिळून नर्स झाल्या, मिळून अमेरिकेत आल्या, एका अपार्टमेंटमध्ये राहिल्या. एका भिंतीवर ही, समोरच्या भिंतीवर ती. चाळीस-एक वर्षं सुखाने भांडल्या. मग नॉर्माताईंच्या मुलीचं लग्न आलं. नवरीच्या एंट्रीला बँडने नाचणारीचं गाणं वाजवलं. बेबीताई म्हणाल्या, "मी जरा हवा खाऊन येते," आणि हॉलच्या बाहेर पडल्या.

त्या अजून आत आलेल्या नाहीत.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. घरं एकाच गावात. बेबीताई सेंटरला मंगळवारी येतात, म्हणून नॉर्माताई गुरुवारी. चर्च एकच, तर ही सकाळच्या प्रार्थनेला आणि ती संध्याकाळच्या.

बेबीताई एकदा टाचणी तोंडात धरून म्हणाल्या, "माझ्यानंतर हे सगळं कुणाला द्यायचं, शुभा? बॉयला भुवया बघून नट्या ओळखता येत नाहीत. ओळखणारी एकच आहे." मग टाचणी काढली आणि विषयही काढून टाकला.

मला फार लागलं ते. त्या संकष्टीला मी गणपतीसमोर सांगितलं, दोघी बोलेपर्यंत चहा वर्ज्य. आमचे हे म्हणाले, "भांडण मनिलाचं, बहिणी त्यांच्या आणि डोकं दुखणार तुझं!"

बेबीताईंना सांगितलं, तर त्यांना गहिवरून आलं. "मीही नऊ दिवसांची प्रार्थना धरलीय गं."

"कशासाठी?"

"तिने आधी माफी मागावी म्हणून."

पुढे गुरुवारी मी मुद्दाम जाऊन नॉर्माताईंना गाठलं. त्यांचीही नऊ दिवसांची प्रार्थना चालू होती. मागणं तेच, फक्त नाव दुसरं. मदर मेरीकडे एकाच घरातून दोन उलटे अर्ज, आणि आमच्या बाप्पाकडे तिसरा! पण मी आशा सोडली नाही. अर्ज तरी आत गेले होते.

* * *

नाचणारीचा वाढदिवस बोर्डवर कधीच लागायचा नाही. तो आठवडा आला, की बेबीताई त्या तारखेवर लिहायच्या: "मनिला. हवामान ढगाळ."

एका वर्षी त्याच्या पुढच्या मंगळवारी आम्ही आलो, तर ढगाळ हवामानाच्या खाली गुलाबी स्टिकी नोट चिकटवलेली: "या दिवशी कुणाचा तरी वाढदिवसही होता." खाली सही नाही.

"हे तिचंच," बेबीताई म्हणाल्या. "नर्स असून अक्षर डॉक्टरचं."

मला वाटलं, आता फाडतात. त्यांनी बाकीचं सगळं बदललं, ती नोट तेवढी तिथेच. दोन आठवड्यांत तिचा गोंद सुटला आणि ती लोंबायला लागली. बेबीताईंनी माझ्यापुढे हात केला.

"टाचणी."

मी दिली. त्यांनी नोट सरळ केली, टोचली आणि म्हणाल्या, "कचरा खाली पडलेला मला आवडत नाही."

* * *

गेल्या उन्हाळ्यात बेबीताईंचा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं, पण बाई सोफ्यावरून हलेनात. थेरपिस्ट घरी यायची, वॉकर पुढे ठेवायची, गोड बोलायची आणि वॉकर बाजूला ठेवून निघून जायची. बॉय फोनवर म्हणाले, "पाय चालतो, शुभा. बायको चालत नाही." डॉक्टर म्हणाले होते, आत्ता चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल, मग कायमची व्हीलचेअर.

मी शिरा घेऊन गेले. समजावलं, रागावले, स्तोत्रही म्हटलं. बेबीताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कुठे जायला चालू?"

इकडे बोर्ड रिकामा. पुन्हा छत्रीची नोटीस लागली. मी धीर करून नॉर्माताईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. बस, एवढंच! मी देवघरात जाऊन बाप्पाकडे नुसती बघत बसले.

पुढच्या मंगळवारी सेंटरला गेले, तर बोर्ड भरलेला! तारखा, इतिहास, मुखपृष्ठं, सगळं ओळीत. आणि बोर्डच्या शेजारी, मंगळवार असून, नॉर्माताई बसलेल्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. शेजारी एक रिकामी खुर्ची.

तो आठवडा गाणारीच्या वाढदिवसाचा. मधोमध मोठ्या अक्षरात तिचं नाव, शुभेच्छा, चमकीची फुलं. माझे डोळेच भरून आले. मी फोटो काढला, बेबीताईंना पाठवला आणि खाली लिहिलं, "बघा, कुणी लावलंय!"

लगेच बॉय यांचा फोन. मागे बेबीताईंचा आवाज, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढा मोठा: "वॉकर आण! गाडी काढ! तो नाही, निळा गाऊन!"

मी घाबरून पुन्हा बोर्ड बघितला. मला काही कळेना. मला तरी कुठे भुवयांवरून नट्या ओळखता येतात? हँकना विचारलं. ते जवळ गेले, चष्मा वर करून मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं वाचली आणि हळूच म्हणाले, "अरे देवा. नाव हिचं आणि मुखपृष्ठ त्या दुसरीचं!"

थोड्याच वेळात दार उघडलं. आमच्या सेंटरचा कॉरिडॉर चांगला लांब आहे. बेबीताई वॉकर आपटत निघाल्या. बॉय मागून धरायला गेले, तर त्यांना झटकलं. डेब्रा व्हीलचेअर घेऊन धावली, तिला नुसत्या नजरेने थांबवलं. घामाने कपाळ भिजलेलं, ओठ घट्ट. एक एक पाऊल टाकत त्या बोर्डपर्यंत आल्या आणि बहिणीच्या समोर उभ्या राहिल्या.

"फोटो चुकीचा लावलायस!"

"माहीत आहे," नॉर्माताई म्हणाल्या आणि रिकामी खुर्ची पुढे सरकवली.