टेट्राच्या पाण्यात तुरटी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वेडंवाकडं. चौथीपर्यंतच शिकले, माफ करा. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही.

भोकरदनला आमच्या घरी काचेची टाकी होती. तिच्यात टेट्रा मासे — बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडं लाल. मुलगी शिकायला बाहेर गेली, घर खायला उठायचं, म्हणून माझ्या नवऱ्यानं आणले. स्टँडजवळच्या दुकानदारानं मला नीट समजावलं होतं. "काकू, लई गरीब जात. कुणाच्या वाटंला जात न्हाई. दक्षिण अमेरिकेतल्या नदीतली हाये, तिथं पाणीच चहासारखं असतंय. म्हणून हे लाकूड टाकीत ठेवा. पाणी लाल झालं तर बिलकुल घाबरू नका."

विसरले म्हणू? नाही विसरले.

मग नणंदबाई आल्या. टाकीपाशी वाकून म्हणाल्या, "वहिनी, मासे पाळलेत का चहा उकळायला ठेवलाय?" सगळे हसले. मला तोंडावर उत्तर देता येत नाही — कधीच आलं नाही. त्या अंघोळीला गेल्या तशी उठले, आणि गढूळ हंड्यात फिरवतो तशी टाकीत तुरटी फिरवली. रागानं, हात दुखेपर्यंत.

संध्याकाळी पाणी नितळ होतं. मासे वर तरंगत होते.

हे तडक दुकानात गेले, मलाही संगं नेलं. गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "रोगट माल विकतो? लोकायला फसवून राह्यला का तू?"

तो एवढंच म्हणाला, "काका, पाण्यात काही टाकलं होतं का?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली — नाही. त्यानं गल्ल्यातून पैसे काढून दिले. एक गिऱ्हाईक हातातली पिशवी परत ठेवून निघून गेलं.

अजून संताप होतो. ह्यांच्या आवाजाचा, नणंदेच्या हसण्याचा. पण तुरटी काय त्यांनी फिरवली होती? लोक मला गरीब बाई म्हणतात. कसली गरीब? गरीब ते मासे होते. मी तर एका माणसाचं नाव घालवलं, तेही तोंड न उघडता!

शिवणाचे पैसे साठवत गेले. परवा एकटी दुकानात जाऊन सगळे त्याच्यापुढं ठेवले. मी काय म्हणाले? "ह्यांनी पाठवलेत." — पुन्हा खोटं.

तो हसला. "काका दिलदार माणूस हाये, काकू."

मी मान हलवली — हो म्हणून. पैसे पूर्ण फिटले.