वसंताची जपानी खोली

सुताराच्या दुकानात किस्से फार साठतात. पलंग करायला आलेला माणूस लाकडाबद्दल कमी आणि घरच्यांबद्दल जास्त बोलतो! वालावलला माझं आणि थोरल्या भावाचं, आबांचं दुकान होतं. साठ सालाच्या आसपास तिथे सगळ्यात जास्त चर्चा झाली ती वसंताच्या खोलीची.

वसंता बोटीवर खलाशी. नोकरी सोडून गावी आला आणि थेट आमच्याकडे. "मेस्त्री, माका जपानी खोली करून होयी. तेतूर कायच नको!"

आबा म्हणाले, "मगे माका कित्याक सांगतस?"

*

पण तो गंभीर होता. जुन्या कॅलेंडरवरचं एक चित्र दाखवून म्हणाला, कपाट भिंतीच्या आत, दार सरकतं, खाली नुसती चटई. आणि उंबरठा काढायचा!

त्याची आई हटून बसली. "उंबरठो नाय तर लक्ष्मी खंयसून येतली रे?"

"येतली गो आये, ठेच न लागता येतली!"

*

शेजारचे पेद्रू मास्तर एकदा दारातून डोकावले. हळूच टोपी काढून म्हणाले, "वसंता, सगळा चोरीक गेला काय रे?"

"नाय मास्तर. जपानात फॅशनच तशी!"

*

मी एकदा जेवायला जाताना रंधा जमिनीवर तसाच ठेवला. वसंता एरवी इतका मवाळ माणूस, पण ओरडला, "मधी काय ठेवचा नाय म्हणान सांगलंय मां!" मला राग आला. जपानी झाला म्हणून काय झालं!

*

काम संपलं त्या दिवशी वसंता कसालच्या बाजाराला गेला होता. त्याची बायको सुमन आमच्यासाठी चहा घेऊन आली. भिंतीला हात न लावता, सरळ, झपझप. कप पुढे केला तो मात्र आबांच्या शेजारी, जिथे कोणीच नव्हतं.

आबांनी उठून तो अलगद घेतला. तिची नजर गेली होती. गावात कोणाला पत्ता नव्हता. वसंताने नोकरी का सोडली ते मला तेव्हा कळलं.

काहीतरी बोलायचं म्हणून आबा म्हणाले, "जपानातली माणसा हुशार हां गो. वसंतान बरा बघून ठेवलान."

सुमन किंचित हसली.

"मेस्त्री, तेंची बोट एडनाक जाय. जपान तेंनी कधी बघूकच नाय. पण माका म्हायत आसा म्हणान तेंका सांगू नकात."