संजीवनी मॅडमची अकारविल्हे यादी

चिखलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत एक पाटी आहे, 'प्रकाशन व जनसंपर्क'. पाटी मोठी, खोली लहान. आत एक संगणक, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि संजीवनी मॅडम. 'मॅडम' हे कॉलेजातून मागे लागलेलं. अकरा वर्षं त्यांनी तासिका तत्त्वावर ग्रंथालयशास्त्र शिकवलं. पुस्तकाला क्रमांक कसा द्यायचा, सूची कशी लावायची, हे पोरांच्या डोक्यात भरता भरता त्यांची चाळिशी उलटली. मग एका जूनमध्ये वर्गात तीनच पोरं उरली, अभ्यासक्रम बंद झाला आणि मॅडम घरी बसल्या. रडत बसणाऱ्यातल्या त्या नव्हेत. म्हणजे रडल्या, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी ही खोली भाड्यानं घेतली.

सुरुवातीला कसलं प्रकाशन नि कसला जनसंपर्क! लग्नपत्रिका, बियाण्याच्या दुकानांची हँडबिलं, वाढदिवसाचे फ्लेक्स, शाळांच्या गॅदरिंगच्या बातम्या पेपरवाल्यांना पाठवणं. काम चोख, पण पुस्तक म्हणावं असं एकही नाही. स्वतःच्या पाटीकडे पाहिलं की त्यांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

म्हणून गावातल्या एका वाचनालयानं पन्नाशीच्या स्मरणिकेचं काम दिलं, तेव्हा मॅडम हरखून गेल्या. हे जमलं तर पुस्तकांची कामं येतील. फसलं तर तालुकाभर बभ्रा होणार आणि मग जन्मभर फ्लेक्सच.

लेख वीस दिवसांत तयार झाले. घोडं अडलं ते शेवटच्या चार पानांवर. वाचनालय ज्यांनी उभं केलं अशा एकशे चौऱ्याऐंशी माणसांची यादी तिथे द्यायची होती. आधी कोण, मग कोण? आपल्याकडचा माणूस पंगतीत कुठेही बसेल, पण छापील यादीत खाली बसणार नाही. वाचनालयाचे सचिव इंद्रभान रोज सकाळी फोन करायचे.

"मॅडम, कपाट देणाऱ्याचं नाव खुर्च्या देणाऱ्याच्या खाली काऊन हो? तो लयच तापून राह्यला."

मॅडमनी कपाटवाल्याला वर घेतलं की दुसऱ्या दिवशी खुर्च्यांवाला रुसायचा. यादी सात वेळा बदलली. आठव्यांदा फोन वाजला तेव्हा मॅडमचं डोकं फिरलं.

"इंद्रभानजी, आता यादी मी लावते. छापून आली की बघा."

"पण अध्यक्षाईचं नाव हाय ना?"

"आहे की," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

अकरा वर्षं जे शिकवलं तेच त्यांनी केलं. आडनावांच्या अकारविल्हे क्रमानं सगळी माणसं लावून टाकली. पद नाही, पदवी नाही, श्री नाही, सौ नाही. पहिल्या आल्या अन्नपूर्णाबाई अंभोरे, वाचनालय झाडणाऱ्या. तळाला गेले पंजाबराव हाडे गुरुजी, खुद्द अध्यक्ष. गुरुजी ब्याऐंशीचे, निवृत्त मुख्याध्यापक, आणि असे कडक की आजोबा झालेले त्यांचे विद्यार्थीसुद्धा त्यांना पाहून विडी विझवतात. ते पान पाहून मॅडमची पाचावर धारण बसली. तरी छापायला पाठवलंच.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. गुरुजींनी फीत सोडली, स्मरणिका हातात घेतली आणि थेट शेवटची पानं उघडली. माणूस आधी स्वतःलाच शोधतो, त्यात त्यांचं काय चुकलं. यादीच्या माथ्यावरचं नाव पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागच्या भिंतीला टेकून उभ्या मॅडमना वाटलं, संपलं आपलं. गुरुजींना मोठ्यानं वाचायची सवय, आणि समोर माईक चालू.

"अन्नपूर्णाबाई अंभोरे."

दाराशी चपला लावत बसलेल्या अन्नपूर्णाबाई दचकून उभ्या राहिल्या. "हाव गुरुजी, इथंच हाय मी."

सभागृह हसलं. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. उभा जन्म हजेरी घेण्यात गेलेला माणूस तो. समोरून कुणी 'हाय' म्हटलं की पुढचं नाव आपसूक तोंडात यायचं. त्यांनी दुसरं वाचलं. कुणीतरी उठलं, हजर म्हणालं. मग तिसरं. कपाटवाला उठला, खुर्च्यांवालाही उठला, आणि कोण वर कोण खाली हे मोजायला कुणाला सवड नव्हती, कारण जो तो आपलं नाव कधी येतं याकडे कान लावून बसलेला. जे आता राहिले नव्हते, त्यांच्या नावाला घरचं कुणी ना कुणी उभं राहत होतं. तिथे गुरुजी चष्मा काढून पुसत आणि मगच पुढचं नाव घेत. मॅडमच्याही डोळ्यांना पाणी आलं, लपवता येईना.

शेवटी एकच नाव उरलं. "पंजाबराव हाडे," गुरुजींनी वाचलं, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "हजर." टाळ्या थांबता थांबेनात.

मग त्यांनी मॅडमना मंचावर बोलावलं. 

"ही यादी तू लावली?"

"हो, गुरुजी."

"मले इचारलं होतं?"

"नाही, गुरुजी."

"बरं केलं. इचारलं असतं तं मी लावू देल्ली नसती." माईक अजून चालूच होता. गुरुजींनी त्यावर हात ठेवला आणि जरा खाली वाकले. "माह्या आठवणी लिहून ठेवल्या हायेत. बारा वर्सं झाले, पेटीत पडून हायेत. उद्या घेऊन येतो. तूच छाप."

 मॅडमनी मान डोलावली.

"पण एक सांग," गुरुजी म्हणाले, "त्या पुस्तकावर तरी माहं नाव वर टाकशीन ना, बाई?"