मामानं आणलेले बूट

कोंडीबा तसा मनानं वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. गिरणीत सोळा वर्षं नोकरी झालेली, कुणाशी भांडण नाही, दारूचा थेंब नाही, पगार झाला की सरळ घरी. पण एका माणसाचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. तो माणूस म्हणजे त्याच्याच बायकोचा भाऊ, होटगीचा रामहरी.

बरं, रामहरीनं ह्याचं काय घोडं मारलं होतं? काही नाही. तो बिचारा होटगी स्टेशनात नोकरीला. अंगात रेल्वेचा निळा डगला, तोंडात गाड्यांच्या गप्पा. महिन्या-दोन महिन्यांनी सोलापूरला बहिणीकडे यायचा आणि आला की कोंडीबाची एकुलती एक पोर, आठ वर्षांची विजयमाला, बापाच्या मांडीवरून उठून मामाच्या गळ्यात पडायची. भावाला बघून बजाबाई शेंगाच्या पोळ्या करायला बसायची. नवऱ्यानं कधी मागितल्या तर म्हणायची, "सण हाय व्हय आज?" ह्या पोळ्या कोंडीबाच्या ताटातही पडायच्या, पण त्या पाहुण्याच्या जिवावर, आणि ते त्याच्या घशाखाली उतरायचं नाही.

कोंडीबाचं काम पट्टे जोडायचं. गिरणीतली यंत्रं चामड्याच्या रुंद पट्ट्यांवर फिरत. पट्टा तुटला की साच्यांची, म्हणजे मागांची, अख्खी रांग उभी राहायची आणि हाक यायची, "कोंडीबाला बोलवा." मग हा आरी आणि कातडं कापायची रापी घेऊन बसायचा, आरीनं भोकं पाडायचा, टाके घालायचा. त्यानं जोडलेला पट्टा त्या जागी पुन्हा तुटला नाही, असं मागांवर देखरेख करणारे जॉबर लोक सांगत. जुन्या पट्ट्याचे तुकडे साहेब त्याला घरी नेऊ द्यायचा. चाळीतल्या निम्म्या लोकांच्या चपलांना कोंडीबानं लावलेले तळ होते.

आणि म्हणूनच विजूच्या पायात काय घालायचं, हा प्रश्न त्याच्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. शाळा चाळीपासून लांब, सगळी वाट डांबरी, आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगावं. रबरी चप्पल महिनाभरात अंगठ्यापाशी तुटायची आणि पोरगी चटके बसले की एका पायावर उड्या मारत घरी यायची. बजाबाई मागं लागली, "अवो, पोरीला कायतरी टिकाऊ घ्या की. रोज रोज कुटवर ह्यो तमाशा?"

"घ्यायचं कशाला? मी करून देतो," कोंडीबा म्हणाला. "बाजारच्या मालात काय दम हाय?"

त्यानं विजूच्या पावलाचं माप दोऱ्यावर घेतलं, गाठी मारल्या आणि दोरा खिशात ठेवला. मग चांगल्या तुकड्याची वाट बघायला लागला. एक तुकडा फार जाड निघाला, एक तेल पिऊन मऊ पडलेला, एकाला बारीक चीर. पोरीच्या पायात असातसा तुकडा घालायचा नाही, ही त्याची जिद्द. जिद्दीत तीन महिने गेले, शाळा उघडायला आठ दिवस राहिले आणि रामहरी दारात उभा राहिला. काखेत पुठ्ठ्याचं खोकं.

खोक्यात नव्या पेठेतल्या राजेसाबांच्या दुकानातले बूट होते. तांबडे, वरून आडवा बंद, बंदाला बक्कल. "माज्या दोन पोरींस्नी घेतले, तवाच विजीला बी घेतले," रामहरी म्हणाला. "दोन बोटं मोटंच हायत. फुडं कापूस घाला, म्हंजे दोन वर्सं बघायला नगं."

विजूनं ते घातले आणि घरभर चालली. उंबऱ्याच्या आत चप्पल आली की घर डोक्यावर घेणारी बजाबाई कौतुकानं बघत राहिली. कोंडीबानं खिशातला दोरा चाचपला आणि तसाच राहू दिला. तीन महिने आपण काय करत होतो, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पाहुणा गेल्यावर त्यानं एक बूट हातात घेऊन वाकवला. तळ शिवलेला नव्हता, नुसता चिकटवलेला. "चार महिनं," तो म्हणाला.

"तुमच्या तोंडातनं कदी चांगलं निगायचं न्हाय," बजाबाई म्हणाली.

आता खरं सांगायचं तर कोंडीबा त्या दिवसापासून बूट फाटायची वाट बघत होता. पोटच्या पोरीचे बूट फाटावेत म्हणून टपून बसलेला बाप मी तरी दुसरा पाहिला नाही. रोज संध्याकाळी विजू आली की त्याची नजर आधी तिच्या पायाकडे. दिवाळीत तळ सुटला, पुढून लोंबायला लागला, आणि कोंडीबाला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो मोरीत जाऊन तोंड धुऊन आला. मग त्यानं पट्ट्यातला सगळ्यात चांगला तुकडा काढला, दुहेरी टाका घातला आणि दोन्ही बुटांना नवे तळ बसवले. दगडावर घासले असते तरी झिजले नसते.

विजू बूट घालून चाळीत पळत सुटली. शेजारच्या सुंदरम्माला तिनं पाय वर करून दाखवला. "मामाचं बूट बगा. आबानी जरा नीट केल्यात."

जरा. हा शब्द कोंडीबाला आठ दिवस टोचत राहिला. पुढं टाच बदलली, तरी मामाचे बूट. चाळीत कुणी म्हणालं, काय गं विजे, अजून टिकलेत की, तर ही मान वेळावून सांगायची, "मामानं आणलेलं हायत, टिकनार न्हायत तर." आणि बाप दाराशी बसून ऐकायचा. मेहनत ह्याची आणि नाव त्याचं. आतून नुसता जळत होता माणूस.

जानेवारीत गड्डा भरला. रामहरी बहिणीला आणि भाचीला जत्रा दाखवायला घेऊन गेला. कोंडीबाला चल म्हणाले होते, पण हा म्हणाला, माझं अंग दुखतंय. गर्दीत बूट चेंगरतील म्हणून विजूनं ते घरीच ठेवले होते. दुपारची वेळ, चाळ रिकामी, आणि कोंडीबाच्या समोर ते तांबडे बूट. तळ त्याचा, टाच त्याची. वर मात्र रामहरीचा तांबडा बंद, अजून चकाकणारा, कुठं चीर नाही की सुरकुती नाही.

जत्रेतल्या पाळण्यात बसून पोरगी मामाला घट्ट धरून हसत असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्यानं रापी उचलली आणि एका बुटाचा बंद मुळापासून कापला. मग दुसऱ्याचा.

कापून झाल्यावर तो थोडा घाबरला. पण हाताला काम माहीत होतं. पट्ट्याचा पातळ भाग तासून त्यानं नवे बंद केले, जुनी बक्कलं त्यांना लावली, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीच्या रंगखात्यातून चादरींचा तांबडा रंग आणून फासला. विजूला सांगितलं, "बंद तुटला हुता. तुला दिसलंच न्हाय?" तिचे डोळे भरून आले. मी तर रोज पुसत होते, ती म्हणाली.

एकदा चटक लागली की माणूस थांबत नाही. पुढच्या वर्षभरात त्यानं पुढचं कातडं बदललं, मग मागचं. प्रत्येक वेळी विजूला तेच सांगितलं, फाटत आलं होतं. नवं कातडं जाड, पोरीच्या टाचेला फोड आले. कोंडीबाला वाटलं, आता तरी मामाला नावं ठेवील. ती फोडावर हळद लावता लावता म्हणाली, "मामाचं बूट लई मजबूत हायत, म्हनून चावत्यात."

मग आला शहात्तर सालचा जून. विजू दहा वर्षांची झाली, बूट आखूड पडायला लागले. रामहरी आला तो आपल्या दोन्ही पोरींना घेऊनच. दोन वर्षांत त्यांचे तीन-तीन जोड फाटले होते आणि विजूचा अजून धड बघून तो चाटच पडला. "तुमच्या अंगात काटं हायत काटं," तो पोरींना म्हणाला. "ह्या विजीकडं बगा. चला, राजेसाबाकडं जाऊ. असलाच माल द्या म्हनू." बूट दाखवायला पाहिजेत म्हणून विजूनं तेच घातले.

कोंडीबानं जायला नको होतं. पण रामहरी आपल्या पोरीला पुन्हा एकदा बूट घेऊन देणार आणि आपण घरात बसणार, हे त्याला सोसेना. तो निघाला बरोबर.

राजेसाब म्हातारे, चश्मा नाकाच्या शेंड्यावर. रामहरीनं विजूचा एक बूट काढून त्यांच्यापुढं ठेवला. "दोन वर्सांमागं तुमच्याकडनंच नेलेला. ह्यातलेच तीन जोड काडा."

राजेसाबांनी बूट उलटा केला. तळावर नख मारलं, बोटं आत घालून शिवण चाचपली, वास घेतला. मग चश्मा वर सरकवला. "भाऊ, ह्यो माल आमचा न्हाय."

"असं कसं? मीच नेलाय की."

"तुमी नेला आसंल. पर ह्यो त्यो न्हाय. ह्यो तळ गिरणीच्या पट्ट्याचा. वरचं कातडं पट्ट्याचं, बंद पट्ट्याचा. टाका तर बगा, मशीनला जमायचा न्हाय. ह्यात आमचं म्हनाल तर बक्कल तेवढं." त्यांनी बूट वर धरून दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवला. "कुनी केलं ह्ये? हात चुमला पायजे त्या मानसाचा."

रामहरी हळूच कोंडीबाकडं वळला, त्याच्या दंडावर थाप मारली आणि मोकळेपणानं हसला. "दाजी, तुमी? आनि दोन वर्सं मी छाती फुगवून हिंडतोय." त्याच्या हसण्यात कुसळाएवढंही वाकडं नव्हतं. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते भर नव्या पेठेत, मेहुण्यासमोर, लोकांसमोर झालं होतं. त्यानं विजूकडं बघितलं. ती एका पायात बूट घालून, दुसरा पाय त्यावर ठेवून उभी होती.

राजेसाब अजून बूट निरखत होते. त्यांना धंद्यातलं कोडं पडलं होतं, दुसरं काही मनात नव्हतं. "तळ आमचा कच्चा हुता, कबूल. त्या खेपंला सगळ्यांचंच गेलं. पर वरचं कातडं एक नंबर हुतं, बंद तर दहा वर्सं तुटला नसता. त्यो कशापायी काडला?"

तुटला होता, असं कोंडीबाला म्हणायचं होतं. विजू त्याच्याकडं बघत होती आणि उत्तर आधीच तिच्या तोंडावर आलं होतं.

"तुटला नव्हता," ती हळू म्हणाली. "मी रोज पुसत हुते."

"विजे," कोंडीबा म्हणाला.

"तुमी कापला?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून. रामहरीचं हसू थांबलं. त्यानं आपल्या पोरींना धरून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि उगीचच फळीवरचे जोडे दाखवायला लागला. एवढा समजूतदारपणा त्यानं दाखवायला नको होता, असं कोंडीबाला वाटलं. त्याचाही राग आला.

राजेसाबांनी नवा जोड काढला, तसाच तांबडा. कोंडीबा म्हणाला, हा मी घेणार, आणि पैसे मोजले. बापानं घेतलेले पहिले बूट विजूनं पायात घातले, बक्कल लावलं आणि उभी राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "आबा, ह्यास्नी तुमी हात लावू नका."

"न्हाय लावत."

"फाटलं तरी?"

"फाटलं तरी न्हाय."

घरी गेल्यावर तिनं आईला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. कोंडीबा दोन दिवस वाट बघत होता, बजा आता तोंड सोडील म्हणून. बायकोनं शिव्या घातल्या असत्या तर सुटला असता. पण पोरीनं त्याला झाकून घेतलं, आणि त्यामुळं तो आणखीच आत आत रुतला.

तळ ह्या खेपेलाही कच्चाच होता. गणपती बसायच्या आधीच सुटला. विजूनं सुतळी आणली, बुटाला दोन वेढे देऊन गाठ मारली आणि शाळेला गेली. बजाबाई म्हणाली, "अवो, बघा की पोरीच्या बुटाकडं. हात मोडलं काय तुमचं?" कोंडीबा म्हणाला, सवड नाही. रोज सकाळी तो दाराशी बसून तिला जाताना बघायचा. सुतळी झिजली की ती नवी बांधायची. पट्ट्याचा चांगला तुकडा त्याच्याजवळ होता, पाण्यात भिजवून, तासून तयार ठेवलेला.

तळ सुटल्याच्या नवव्या-दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी तो हत्यारं पुसत बसला होता, तेव्हा विजू आली आणि तिनं बूट त्याच्यापुढं ठेवले.

"नुसता तळ," ती म्हणाली. "वरचं ऱ्हाऊ द्या."

"व्हय," कोंडीबा म्हणाला.

ती खेळायला जाईल असं त्याला वाटलं. ती गेली नाही. त्याच्यासमोर मांडी घालून बसली. त्यानं रापी उचलली तशी तिनं हात पुढं करून बुटाचा तांबडा बंद मुठीत धरला, आणि शेवटचा टाका पडेपर्यंत मूठ सोडली नाही.